दाराखालची फट

प्रतीक्षाकक्षात चार खुर्च्या आहेत. त्यातली एक दाराला अगदी खेटून. तिच्यावर एक बाई बसली आहे, तिची वेळ व्हायला अजून दहा मिनिटं आहेत. हातात मासिक आहे, पण मघापासून पान उलटलेलं नाही. आतून आवाज येतोय, शब्द मात्र कळत नाहीत. नुसती खालच्या पट्टीतली घरघर, वरखाली होणारी. आणि मग, आतला माणूस बहुधा दाराकडे तोंड करून बोलला असावा, एक अख्खं वाक्य बाहेर येतं: "...तिला अजून सांगितलेलंच नाही." बस, एवढंच. पुन्हा घरघर. थोड्या वेळानं दार उघडतं, एक माणूस खाली बघत निघून जातो, बाई आत जाते आणि पुढची पन्नास मिनिटं आपल्या झोपेबद्दल बोलते. झोप लागत नाही, लागली तर मोडते, पहाटे चारला डोळे टक्क उघडतात. जे सांगायला ती आली होती, ते ती सांगत नाही. समोर बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या वहीत त्या दिवशी 'निद्रानाशाची तक्रार' एवढी एक ओळ पडते.

हा प्रसंग कोणा एकीचा नाही. पोकळ दार, जवळची खुर्ची आणि खालची फट जिथे एकत्र येतात, तिथे तो घडतो. घडल्याचं कोणाला कळतही नाही, आणि तो मनातून जात नाही तो नेमका त्यामुळेच. गोपनीयतेचा भंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चोर येतो. तसे चोर झालेही आहेत. सप्टेंबर १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्समध्ये डॉ. लुईस फील्डिंग या मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात काही माणसं रात्री घुसली. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं वर्तमानपत्रांना देणारे डॅनियल एल्सबर्ग त्यांचे रुग्ण होते आणि घुसणाऱ्यांना त्यांची फाईल हवी होती. पाठवणारे लोक थेट राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतले होते. कटावणीनं उचकटलेलं ते फायलींचं कपाट आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पण कपाट उचकटलेलं दिसतं तरी. पत्रा वाकलेला असतो, कुलूप तुटलेलं असतं, पोलीस येतात, पंचनामा होतो. फटीतून गेलेल्या वाक्याचा पंचनामा कोण करणार? आणि त्या वाक्यामुळे जे बोललंच गेलं नाही, त्याचा?

फटीचं गणित मात्र अगदी सरळ आहे. आवाज हवेतून जातो आणि हवा जाईल तिथून जातो. एखाद्या अडथळ्याचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तर बाकीचा कितीही जाड असो, त्यातून वीस डेसिबलच्या वर आवाज काही अडत नाही. दोन मीटर उंच दाराखाली दोन सेंटिमीटरची फट म्हणजे बरोबर एक टक्का. भिंती किंवा दारं बोलणं किती अडवतात हे मोजायला बांधकामवाले एसटीसी नावाचा आकडा वापरतात. तो पंचविसाच्या आसपास असेल तर पलीकडे साधं बोलणं शब्दन् शब्द कळतं. पस्तिसाला मोठ्यानं बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही. पन्नासला गेलं की मोठ्यानं बोललेलंही जेमतेम कानावर पडतं. घरातल्या खोल्यांना असतं तसलं आतून पोकळ दार पंचविसाच्याही खालीच राहतं. म्हणून बदलायचं झालं तर आधी दार: भरीव लाकडाचं, चौकटीच्या तिन्ही बाजूंना रबरी पट्टी आणि तळाला दार लावताच आपोआप खाली उतरून जमिनीला टेकणारी पट्टी. यातलं एक केलं आणि दुसरं सोडलं तर पहिल्यावरचा खर्च वाया जातो. जाड दार बसवून खाली फट तशीच ठेवणारे पुष्कळ.

दार झालं की वर बघायचं. ऑफिसांच्या इमारतींमध्ये खोल्यांच्या मधली भिंत बऱ्याचदा खोट्या छतापाशीच संपते, वर पोकळी सलग असते, आणि आवाज भिंतीवरून उडी मारावी तसा पलीकडे उतरतो. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड ही दुसरी गळती. एसीची सामायिक नळी तिसरी. पंख्यासारखा एकसुरी आवाज करणारं छोटं यंत्र मिळतं, ते लोक हौसेनं आणतात आणि चुकीच्या जागी, म्हणजे आत, सेशनच्या खोलीत ठेवतात. त्यानं आत बसलेली दोघं आवाज चढवून बोलू लागतात आणि बाहेर अधिकच ऐकू जातं. ते यंत्र बाहेर ठेवायचं, दाराजवळ, ऐकणाऱ्याच्या कानाशी. कारण आवाज अडवणं त्याला जमत नाही. बाहेरच्या शांततेत थोडा कोलाहल मिसळून शब्दांच्या कडा पुसायच्या, एवढंच त्याचं काम. स, श, त, क यांसारखी व्यंजनं मुळातच क्षीण आणि उंच पट्टीची असतात. ती बुडाली की उरतो तो सूर, आणि सुरावरून कोणाचं गुपित कळत नाही. रडणं मात्र कळतं. त्यावर यंत्राचा फारसा उपाय नाही; दाराजवळची खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला नेणं हाच उपाय, आणि त्याला काहीच लागत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. एकानं आत क्लायंटच्या जागी बसायचं आणि वर्तमानपत्रातला अनोळखी मजकूर नेहमीच्या आवाजात वाचायचा. दुसऱ्यानं बाहेरच्या प्रत्येक खुर्चीवर दोन दोन मिनिटं बसायचं आणि जे शब्द कळले ते लिहायचे. ओळखीचा मजकूर घेतला तर मेंदू गाळलेल्या जागा भरतो, म्हणून अनोळखीच हवा. मग आतल्यानं आवाज चढवून, रागावल्यासारखं वाचायचं. ज्या खोलीत माणसं चिडणार, हुंदके देणार, तिची परीक्षा शांत आवाजात घेऊन भागत नाही.

पण दार हे तसं निर्जीव. जास्त गळती होते ती चांगुलपणातून.

फोन वाजतो. पलीकडे एक माणूस आहे, आवाज काळजीचा आहे. "माझी बायको तुमच्याकडे येते का, एवढंच सांगा. ती बरी आहे ना, एवढंच." रिसेप्शनवरच्या मुलीनं यादी बघितली, त्या नावाचं कोणी नाही. तिला हायसं वाटतं, आणि ती खरं ते सांगून टाकते: "नाही हो, त्या नावाचं आमच्याकडे कोणी येत नाही." यात काय बिघडलं? त्या बाईचं कदाचित काहीच नाही. बिघडलं ते उरलेल्या सगळ्यांचं. कारण उद्या दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याचा फोन येईल, त्याची बायको खरोखर येत असेल, आणि तेव्हा मुलगी म्हणेल, "आम्ही अशी माहिती देत नाही." ज्या ठिकाणी 'नाही' मोकळेपणानं सांगितलं जातं, तिथे 'सांगता येत नाही' याचा एकच अर्थ उरतो. गोपनीयतेचं उत्तर सर्वांना सारखं दिलं तरच ते उत्तर असतं. म्हणून ते वाक्य आधी ठरवून, कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवायला हवं, आणि फोन उचलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी बसेपर्यंत म्हणून घ्यायला हवं: "इथे कोण येतं किंवा येत नाही, हे आम्ही कोणालाच सांगत नाही. तुम्हाला स्वतःसाठी वेळ हवी असेल तर ती देऊ शकते." चार दिवस ते कोरडं वाटतं. काळजीनं फोन करणाऱ्याला तर ते थपडेसारखं लागतं, आणि तो खरोखरच काळजीत असेल तर आपल्यालाही लागतं. पण सांगायला बंदी असली तरी ऐकायला बंदी नाही. तो माणूस म्हणाला, "तिनं काल गोळ्या घेतल्या," तर ते शांतपणे ऐकून घ्यायचं, ताबडतोब जवळचं हॉस्पिटल गाठायला सांगायचं, तज्ज्ञाला त्याच क्षणी कळवायचं. हे सगळं 'ती इथे येते' असं एकदाही न म्हणता करता येतं. असा फोन आला तर क्लायंटला तो आल्याचं सांगणार की नाही, हेही पहिल्याच भेटीत ठरलेलं बरं. माझं मत सांगायचं तर, सांगावं. आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल झालेलं बोलणं नंतर कधीतरी कानावर आलं की आधीची सगळी सेशन्स माणूस पुन्हा तपासून बघतो.

रिसेप्शनच्या टेबलावरच्या बाकीच्या गोष्टी झटकन सांगण्यासारख्या आहेत, कारण त्या सगळ्यांना ठाऊक असतात आणि तरी राहून जातात. येणाऱ्यानं सही करायची वही, ज्यात आधीच्या नऊ जणांची नावं, वेळा आणि फोन नंबर दिसतात. खोलीभर ऐकू जाईल अशी पूर्ण नावाची हाक. दोन भेटींच्या मध्ये काहीच मोकळी जागा नसणं, त्यामुळे डोळे लाल झालेला माणूस आणि पुढचा माणूस दारात समोरासमोर. दहा मिनिटांचं अंतर ठेवलं तर हे टळतं. आठवणीच्या मेसेजमध्ये क्लिनिकचं नाव. तो मेसेज फोन न उघडताही पडद्यावर दिसतो आणि फोन बऱ्याचदा टेबलावर उताणा पडलेला असतो. 'उद्या अकराला भेट आहे' यापलीकडे त्यात काही असायची गरज नाही. पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर फोन नंबर विचारतात, पण त्याखालचे खरे प्रश्न विचारत नाहीत: या नंबरवर निरोप ठेवला तर चालेल का? दुसऱ्या कोणी उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगायचं? कोणत्या वेळी फोन करायचा नाही? पावती कोणाच्या हाती पडेल? या चार प्रश्नांना मिळून दोन मिनिटं लागतात.

आता नोंदी. सेशनबद्दल लिहायच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकाच वहीत लिहिल्या की घोटाळा सुरू होतो. एक अधिकृत नोंद: तारीख, कालावधी, कशावर काम केलं, धोका आहे का आणि असेल तर त्याचं काय केलं, पुढचं ठरलेलं पाऊल. दुसरं, तज्ज्ञाचं स्वतःचं टिपण: मनात आलेली शंका, क्लायंटनं वापरलेली एखादी प्रतिमा, 'हे वडिलांबद्दल आहे का?' असला प्रश्न. पहिली नोंद उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे, विम्याच्या कचेरीत, न्यायालयात जाऊ शकते. दुसरं टिपण वेगळं ठेवायचं. त्याला कायद्याचं किती संरक्षण मिळतं हे देशादेशांत वेगळं आहे, म्हणून तेही असं लिहावं की उद्या उघडं पडलं तर कोणाचा घात होणार नाही. लिहिताना तीन माणसं खांद्यावरून वाचताहेत असं समजावं: स्वतः क्लायंट, नंतर ही केस घेणारा दुसरा तज्ज्ञ, आणि न्यायाधीश. तिघांपैकी एकालाही जे वाचून दाखवता येणार नाही, ते वाक्य बदलायला हवं. सगळ्यांत जास्त चूक होते ती क्लायंटच्या बोलण्यात येणाऱ्या इतर माणसांच्या बाबतीत. 'मोठ्या भावाला व्यसन, नोकरी अमुक बँकेत, त्याच्या पत्नीला माहीत नाही.' हा भाऊ कधी या खोलीत आलेला नाही, त्यानं कशालाही संमती दिलेली नाही, आणि तरी त्याची फाईल तयार झाली. 'कुटुंबातल्या एका व्यक्तीच्या व्यसनाचा ताण' एवढ्यानं उपचाराचं काम भागतं. धोक्याबद्दलची नोंद मात्र अशी आखडती घेऊन चालत नाही. आत्महत्येचा विचार, त्याची तीव्रता, जवळ असलेली साधनं, केलेली सुरक्षा योजना हे स्पष्ट आणि पूर्ण लिहावं लागतं. इथे मोघम लिहिणं क्लायंटच्याच जिवावर बेतू शकतं.

फाईल किती वर्षं ठेवायची, याला देशोदेशी वेगळे नियम आहेत. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं २००७ मध्ये दिलेला सल्ला असा की वेगळा कायदा नसेल तर शेवटच्या भेटीनंतर सात वर्षं, आणि क्लायंट अल्पवयीन असेल तर तो सज्ञान झाल्यावर तीन वर्षं, यातलं जे उशिरा येईल ते. नष्ट करताना लांब पट्ट्या कापणारं यंत्र नको; त्या पट्ट्या चिकाटीनं जोडता येतात. कागदाचे बारीक तुकडे करणारं घ्यावं. जर्मन मानकातली पी-४ ही पातळी म्हणजे एक तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नको. एक गोष्ट कोणी बोलत नाही: तज्ज्ञच अचानक गेला तर? कपाटाची किल्ली, संगणकाचा पासवर्ड, उद्याच्या भेटींची यादी यातलं काहीच कोणाला ठाऊक नसतं, आणि मग शोकात बुडालेली मुलं वडिलांचं टेबल आवरताना एकेक फाईल उघडून बघतात. त्यासाठी त्याच पेशातलं एक माणूस आधी नेमून, लेखी ठेवायचं असतं; फायली त्याच्या ताब्यात जातील, क्लायंटना तोच फोन करेल. क्लायंटनाही हे पहिल्या दिवसाच्या कागदावर वाचायला मिळावं.

कागदाच्या फाईलची चोरी करायला निदान कोणाला तरी यावं लागतं. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या साखळीचा डेटाबेस इंटरनेटवर पुरेशा संरक्षणाविना उघडा होता. २०१८ मध्ये तो चोरला गेला आणि २०२० मध्ये खंडणीखोरानं आधी कंपनीकडे आणि मग ऑक्टोबरमध्ये थेट क्लायंटकडे पैसे मागितले. बाधित झालेली माणसं सुमारे ३३,०००. त्यातल्या हजारो जणांना ईमेल: चोवीस तासांत २०० युरो द्या, नाहीतर ५००, नाहीतर तुम्ही सेशनमध्ये जे बोललात ते सगळ्यांना वाचायला मिळेल. एखाद्यानं आपल्या मुलाबद्दल, आईबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल आयुष्यात एकदाच, एकाच माणसासमोर उच्चारलेलं वाक्य शब्दशः फायलीत होतं, आणि फाईल चोराच्या हातात. या प्रकरणात पासवर्ड आणि फायरवॉल यांची खूप चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण माझं मन अडतं ते दुसरीकडे. ते वाक्य शब्दशः लिहून ठेवायची गरज होती का? जे लिहिलंच नाही ते चोरीला जात नाही. आज सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून आपोआप नोंद लिहून देणारी ॲप्स आली आहेत. वेळ वाचतो हे खरं. पण तो आवाज कुठल्या सर्व्हरवर जातो, किती दिवस राहतो, त्यावर कुठली एआय यंत्रणा शिकवली जाते, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाल्याशिवाय आणि क्लायंटची वेगळी संमती घेतल्याशिवाय ते सुरू करू नये.

बाकी रोजच्या वापरातली गळती फार साधी असते. क्लायंटचा नंबर पूर्ण नावानिशी खासगी फोनमध्ये साठवला की एखादं ॲप ती यादी उचलतं आणि दोन अनोळखी क्लायंटना 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून एकमेकांचे चेहरे दाखवतं. कॅलेंडर घरच्या टॅबलेटशी जोडलेलं असतं आणि टॅबलेट मुलांच्या हातात. ईमेल लिहिताना पहिली दोन अक्षरं टाकली की पत्ता आपोआप भरला जातो, भलत्याच माणसाचा. लंडनमधल्या एका लैंगिक आरोग्य क्लिनिकनं २०१५ मध्ये ७८१ जणांना एक माहितीपत्रक पाठवलं. पत्ते लपवायच्या रकान्याऐवजी सगळ्यांना दिसणाऱ्या रकान्यात पडले, आणि त्यातल्या ७३० पत्त्यांत पूर्ण नावं होती. ज्यांना ते गेलं त्यातल्या बहुतेकांना एचआयव्ही होता. एका क्लिकची चूक. म्हणून क्लायंटना सामूहिक ईमेल पाठवायचंच नाही, एकेकाला पाठवायचं, हा नियम मला 'लक्ष द्या' या सूचनेपेक्षा शंभर पटींनी भरवशाचा वाटतो. ऑनलाइन सेशनमध्ये तर खोलीची अर्धी बाजू आपल्या ताब्यातच नसते. हेडफोननं तज्ज्ञाचा आवाज झाकतो, क्लायंटचा नाही. सुरुवातीला 'एकट्या आहात का?' हा हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न, आणि कोणी खोलीत आलं तर विषय बदलण्यासाठी आधीच ठरवलेला एखादा निरुपद्रवी शब्द, एवढी तयारी हवीच.

आणि तरीही सगळं पोटात ठेवायचं वचन कोणीच देऊ नये. ते वचन खोटं असतं. १९६९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात प्रसेनजित पोद्दार या विद्यार्थ्यानं एका तरुणीला मारण्याचा विचार आपल्या मानसशास्त्रज्ञापाशी बोलून दाखवला. मानसशास्त्रज्ञानं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला पकडून बोलून सोडून दिलं, आणि त्या तरुणीला, तातियाना तारासॉफला, मात्र कोणीच काही सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्यानं तिचा खून केला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये निकाल दिला की समोरच्या माणसापासून कोणाला गंभीर धोका असेल तर त्या तिसऱ्या माणसाला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे तज्ज्ञाचं कर्तव्य आहे. भारतातल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं २३ वं कलमही गोपनीयतेचा हक्क देतानाच असे अपवाद मोजून देतं, आणि इजा टाळण्यासाठी जेवढी माहिती लागेल तेवढीच, अशी मेख मारून देतं. ही 'तेवढीच' फार महत्त्वाची. पोलिसांना धोका सांगायचा असतो, बालपण सांगायचं नसतं. शक्य असेल तिथे आधी क्लायंटला सांगायचं की मला हे आता बाहेर बोलावं लागणार आहे, आणि जमलं तर फोन त्याच्यासमोरच करायचा. हे सगळं पहिल्या भेटीत, गोष्ट सुरू व्हायच्या आधी सांगितलेलं असलं पाहिजे, तेही फॉर्मवरच्या बारीक अक्षरांत नव्हे, तोंडानं. पहिल्याच दिवशी कायदा ऐकवला तर माणूस दबेल अशी भीती तज्ज्ञांना वाटते. थोडा दबतोही. पण सगळं बोलून झाल्यावर 'हे मात्र मला सांगावं लागेल' असं ऐकणारा माणूस पुन्हा कुणासमोर तोंड उघडत नाही. किशोरवयीन मुलांबाबत तर आई, वडील आणि मूल तिघांना एकत्र बसवूनच ठरवावं: जिवाचा धोका असेल तर सांगेन, बाकी मुलाला विचारल्याशिवाय नाही. पैसे भरणाऱ्या आईवडिलांना हे सहज पचत नाही, आणि त्यांची तगमगही खोटी नसते.

लिहिण्याबद्दल बोलायचं राहिलं. केस लिहायची तर नाव बदललं की झालं, हा समज जुना आहे. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी छापलेल्या एका केसमधली 'ॲना ओ.' ही खरी बर्था पापेनहाइम. तिची आद्याक्षरं, बी आणि पी, वर्णमालेत एकेक घर मागे सरकवून ए आणि ओ केली होती. ती पुढे जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांच्या चळवळीची नेता झाली, १९३६ मध्ये वारली, आणि १९५३ मध्ये फ्रॉइडच्या चरित्रकारानं तिचं खरं नाव छापून टाकलं. आयुष्यभर केलेलं काम एका बाजूला राहिलं आणि आजही बहुतेक ठिकाणी तिची ओळख त्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीच्या आजारापासून सुरू होते. लॅटानिया स्वीनी या संगणकतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेव ठरू शकतात. नाव कशाला हवं? 'दोन जुळ्या मुली असलेली वैमानिक' एवढं म्हटलं की तिच्या ओळखीच्या प्रत्येकाला ती कळली. म्हणून वय, व्यवसाय, कुटुंबाची रचना, प्रसंगाचा क्रम हे सगळं हलवावं लागतं, किंवा अनेकांतून एक घडवावं लागतं, किंवा लिहिलेलं त्या माणसाला वाचायला देऊन विचारावं लागतं. शेवटची परीक्षा ही की आणखी कोणी नाही, पण त्या क्लायंटनं स्वतः वाचलं तर तो स्वतःला ओळखेल का, आणि ओळखलं तर त्याला काय वाटेल. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाकडून आपल्या कामाबद्दल मार्गदर्शन घेताना, आणि सहकाऱ्याबरोबरच्या चर्चेतही हेच. मदत घेणं आवश्यकच आहे, पण लिफ्टमध्ये नाही, जेवणाच्या टेबलावर नाही.

आणि घरी तर नाहीच. दिवसभरात पाच जणांच्या आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट रात्री ऐकून आलेल्या माणसाला घरचे विचारतात, 'कसा गेला दिवस?' आणि उत्तर असतं, 'बरा.' ज्याच्यासाठी मध्यरात्री जाग येते, त्याचं नावही उच्चारता येत नाही. तो रस्त्यात दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नसते. त्यानं हसून मान हलवली तर आपणही हलवायची, एवढंच. हे त्याला आधी सांगून ठेवलेलं नसेल तर त्याला वाटतं, खोलीतली माया खोलीपुरतीच होती.

पुन्हा त्या दाराशी येते. समजा, तज्ज्ञानं खुर्ची हलवली, दार बदललं, पट्टी बसवली. पुढच्या भेटीत बाईला विचारलं, "मागच्या वेळी बाहेर बसला होतात तेव्हा आतलं काही ऐकू आलं का?" ती क्षणभर थांबते आणि म्हणते, "हो." काय ऐकलं ते तिला विचारायचं नाही; क्षमा मागायची आणि काय बदललं ते दाखवायचं. कदाचित त्या दिवशी ती झोपेच्या पलीकडचं काही बोलेल. पण काम अर्धंच झालं आहे. ज्याचं वाक्य बाहेर गेलं, तो माणूस अजून आहे, आणि त्याला काहीच ठाऊक नाही. दार दुरुस्त झालं, आता कशाला उगाच घाबरवायचं, असा विचार मनात येतो आणि तो शहाणपणाचाही वाटतो. मला तो पटत नाही. वाक्य त्याचं होतं. म्हणून त्यालाही बसवून सांगावं लागतं: मागे एकदा तुमचं बोलणं बाहेर ऐकू गेलं, चूक आमची होती, दार आता बदललं आहे. तो आधी काहीच बोलत नाही. मग विचारतो, "कोणी ऐकलं?"

आणि ते मात्र त्याला सांगता येत नाही.